रोगण वाळते की मुरते?

नवे मेज घरात येते. सुताराने त्यावर रोगणाचा शेवटचा हात देऊन तीन दिवस झालेले असतात. मेजावर सहज ठेवलेले वर्तमानपत्र उचलावयास जावे, तो कागद अडकतो आणि त्यावरील अक्षरे रोगणात उलटी उमटलेली दिसतात. यजमान सुताराला बोल लावतात, सुतार रोगण विकणाऱ्याला, आणि रोगण विकणारा पावसाळी हवेला. या तिघांच्या भांडणात खरा अपराधी बहुधा सुटूनच जातो. तो अपराधी म्हणजे ‘वाळणे’ हा शब्द होय.

ओले धोतर दोरीवर घातले की त्यातील पाणी हवेत निघून जाते आणि धोतर हलके होते. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिशही याच रीतीने वाळते. स्पिरिट उडून जाते व लाखेचा पातळ थर लाकडावर राहतो. परंतु जवसाच्या तेलात राळ किंवा चंद्रस शिजवून केलेल्या रोगणाची गोष्ट अगदी निराळी आहे. ते पातळ करण्यासाठी घातलेले टर्पेंटाईन काही तासांत उडून जाते. तेल मात्र जागच्या जागी राहते. ते हवेतील प्राणवायू शोषून घेते, त्या योगाने त्याचे सूक्ष्म कण एकमेकांत गुंफले जातात, आणि प्रवाही तेलाचे चिवट, पारदर्शक कवच बनते. धोतर वाळताना हलके होते, तर तेल या क्रियेत आरंभी जड होत जाते. मराठी गृहिणी लोणच्याविषयी जो शब्द योजते तोच येथे योग्य ठरेल. रोगण मुरते. ते बोटाला चिकटेनासे झाले म्हणजे मुरण्यास नुकता प्रारंभ झाला एवढेच समजावे. ते पुरते मुरावयास पुढे आठवडे, कधी महिने लागतात. हा काळ माणसाने कसा ओळखला, तो तोकडा करण्यासाठी कोणकोणते उपाय केले, आणि त्या घाईची किंमत कोणाकोणाला द्यावी लागली, याचा इतिहास मोठा मनोरंजक आणि काही ठिकाणी विषण्ण करणारा आहे.

सर्वच तेलांच्या अंगी हा गुण नसतो. खोबरेल तेल फळीवर वर्षभर ठेवले तरी ते तेलच राहील. जवस, अक्रोड आणि खसखस यांची तेले मात्र उघड्या हवेत कवच धरतात. हा भेद फार प्राचीन काळी कारागिरांच्या ध्यानात आलेला होता. इसवी सनाच्या सहाव्या शतकात अमिडा नगरचा ईटियस नावाचा एक ग्रीक वैद्य होऊन गेला. औषधी तेलांची माहिती देता देता त्याने अक्रोडाच्या तेलासंबंधी अशी नोंद केली आहे, की ते वाळते व सोन्याचा मुलामा दीर्घकाळ राखते, म्हणून मुलामा देणारे लोक ते वापरतात. पुढे सातव्या शतकात अफगाणिस्तानातील बामियानच्या बौद्ध लेण्यांत भित्तिचित्रे काढणाऱ्या चित्रकारांनी काही ठिकाणी अशाच वाळणाऱ्या तेलात रंग कालवले होते. तेथील प्रचंड बुद्धमूर्ती 2001 साली फोडून टाकण्यात आल्या. परंतु लेण्यांतील रंगांचे कण तपासून शास्त्रज्ञांनी 2008 साली हा शोध प्रसिद्ध केला. तैलचित्रणाचा उगम पंधराव्या शतकातील युरोपात झाला, हा शाळांतून शिकविला जाणारा समज त्यामुळे मोडीत निघाला.

युरोपात या विषयावर विस्ताराने लिहिणारा पहिला मोठा ग्रंथकार म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील थिओफिलस हा संन्यासी. चित्रकारी, काचकाम व धातुकाम या तिन्ही कलांवर त्याने लॅटिन भाषेत ग्रंथ लिहिला. जवसाच्या तेलात राळ वितळवून रोगण कसे करावे हे तो सांगतो, आणि ते लावल्यावर उन्हात ठेवावे असे बजावतो. परंतु त्याच ग्रंथात तेलात कालवलेल्या रंगांविषयी त्याची एक तक्रारही आहे. एक रंग लावला की तो वाळेपर्यंत दुसरा लावता येत नाही, आणि मूर्तींच्या चित्रात हे फार कंटाळवाणे होते, असे तो म्हणतो. रोगणाच्या इतिहासातील सारे पुढचे कथानक या एका तक्रारीत बीजरूपाने साठवलेले आहे. कारागिराला काम पुरे करावयाचे असते, तेलाला मुरावयाचे असते, आणि दोघांची घड्याळे जुळत नाहीत.

ऊन हा त्या काळचा एक प्रमुख उपाय. परंतु उन्हात तेल लवकर मुरते तसे लाकूडही तडकते. इटालियन चरित्रकार व्हासारी याने 1550 साली प्रसिद्ध केलेल्या कलावंतांच्या चरित्रांत यासंबंधी एक कथा दिली आहे. फ्लँडर्समधील विख्यात चित्रकार यान व्हान आयक याने मोठ्या कष्टाने एक फलकचित्र पुरे केले, त्यावर रोगण चढविले आणि रीतीप्रमाणे ते उन्हात ठेवले. उन्हाच्या तापाने म्हणा किंवा लाकूड नीट जून झालेले नव्हते म्हणून म्हणा, फळ्यांचे सांधे उकलले व चित्र फुकट गेले. तेव्हा सावलीत वाळेल असे रोगण शोधून काढण्याचा त्याने निश्चय केला, आणि नाना तेले पारखता पारखता जवस व अक्रोड यांची तेले सर्वांत लवकर वाळतात हे त्याला आढळले. व्हान आयकने तैलचित्रणाचा शोध लावला हे व्हासारीचे विधान आज कोणी मानीत नाही. बामियानची साक्ष वर आलीच आहे. परंतु सांधे उकलल्याची गोष्ट प्रत्यक्षात घडली असो वा नसो, ती रचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना कारखान्यातील अडचण पुरती ठाऊक होती, यात संशय नाही.

इटलीतील क्रेमोना गावच्या व्हायोलिनकारांचीही हीच अडचण होती. आंतोनियो स्ट्राडिव्हारी याचा 1737 साली मृत्यू झाला, आणि तेव्हापासून त्याच्या वाद्यांवरील तांबूस सोनेरी रोगणात काय गुप्त द्रव्य असावे, याविषयी लोकांनी नाना तर्क लढविले. कोणी अंबर म्हणे, कोणी मधमाश्यांचा चीक म्हणे, कोणी हरवलेली वनस्पती म्हणे. 2009 साली पॅरिसच्या संगीत संग्रहालयातील पाच स्ट्राडिव्हारी वाद्यांच्या रोगणाचे सूक्ष्म कण घेऊन फ्रेंच व जर्मन शास्त्रज्ञांनी त्यांची परीक्षा केली. खाली वाळणाऱ्या तेलाचा एक थर, त्यावर तेल व पाइनच्या जातीच्या झाडांची राळ यांचे मिश्रण, आणि काही वाद्यांवर त्यात लाल रंगद्रव्य. यापलीकडे त्यांना काही सापडले नाही. ही सारी द्रव्ये त्या काळी सामान्य चित्रकाराच्या घरीही असत. स्ट्राडिव्हारीचे 1708 सालचे एक पत्र उपलब्ध आहे. त्यात त्याने गिऱ्हाइकाकडे व्हायोलिनला झालेल्या विलंबाबद्दल क्षमा मागितली असून भेगांवर लावलेले रोगण आणि ऊन ही त्याची कारणे सांगितली आहेत. एवढ्या मोठ्या कारागिरालाही उशिराची सबब सांगावी लागली, आणि ती सबब रोगणाची होती.

हे सर्व कारागीर अनुभवाने चालत. रोगणात आत काय घडते, हे कोणासही माहीत नव्हते. ते पाहावयाचे तर प्राणवायूचा शोध लागावा लागला. जिनीव्हाचा शास्त्रज्ञ निकोला थिओडोर द सोस्यूर याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एक साधा पण अत्यंत बोधप्रद प्रयोग केला. अक्रोडाच्या तेलाचा थर त्याने पाऱ्यावर कोंडलेल्या प्राणवायूत ठेवला आणि किती वायू शोषला जातो हे मोजत बसला. पहिल्या आठ महिन्यांत त्या तेलाने आपल्या आकारमानाच्या अवघा तिप्पट वायू घेतला. हा प्रयोग फसला असे एखाद्या उतावळ्या माणसाने ठरविले असते. परंतु त्यानंतरच्या दहा दिवसांत त्याच तेलाने सुमारे साठपट वायू शोषला! पुढे वेग मंदावत गेला, आणि शरदाच्या अखेरीस एकूण वायू सुमारे एकशे पंचेचाळीस पटींवर गेला.

या आकड्यांत रोगणाच्या साऱ्या वर्तनाचे मर्म आहे. आरंभी तेल जणू झोपलेले असते. बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. मग एकाएकी ते प्राणवायू ओढू लागते, आणि घट्ट होते. शेवटी बराच काळ ते सावकाश पक्के होत राहते. सुतार ज्याला ‘वाळले’ म्हणतो तो क्षण दुसऱ्या अवस्थेचा असतो. तिसरी अवस्था त्याच्या दृष्टीआड चालू असते. मेजावर वर्तमानपत्राची अक्षरे उमटतात ती याच तिसऱ्या अवस्थेत.

सोस्यूरनंतर फ्रान्समधील थोर रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तैलरंगांच्या वाळण्याचा पद्धतशीर अभ्यास केला. त्याच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. तेच तेल निरनिराळ्या पृष्ठभागांवर निरनिराळ्या काळात वाळते. विशेषतः ओक वृक्षाचे लाकूड तेलाच्या वाळण्यास चक्क विरोध करते. रोगण मुरण्यात हवेचा, उजेडाचा व उष्णतेचा जसा हात असतो तसा खालच्या लाकडाचाही असतो, हे त्यामुळे प्रथमच शास्त्रीय रीतीने पुढे आले. या मुद्द्याचा महाराष्ट्रातील घरांशी निकटचा संबंध आहे. त्याकडे पुढे वळू.

तेलाची ही झोप मोडण्याचा उपाय कारागिरांना शास्त्रज्ञांच्या पुष्कळ आधी सापडलेला होता. तेल उकळताना त्यात मुर्दाडसिंग किंवा शेंदूर घातला की ते कितीतरी लवकर वाळते. ही दोन्ही शिशाची द्रव्ये होत. शिसे प्राणवायूला तेलाशी जोडण्याच्या कामी मध्यस्थी करते आणि स्वतः मात्र खर्ची पडत नाही. पुढे मँगनीज व कोबाल्ट या धातूंची द्रव्ये त्या कामी आली. त्यांपैकी कोबाल्ट तर इतके चलाख, की त्याची मात्रा जराशी वाढली तर रोगणाच्या पृष्ठभागावर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरतो आणि खालचे तेल कोंडले जाते. त्याला हवा मिळत नाही. वरची साय पसरते, आतला थर कच्चाच राहतो, आणि काही दिवसांनी पृष्ठभागावर सुरकुत्या उमटतात. जाड हात दिल्यानेही हेच होते. लवकर वाळावे म्हणून घातलेल्या द्रव्यानेच रोगण कायमचे कच्चे राहावे, हा या विद्येतील नेहमीचा दैवदुर्विलास आहे.

शिशाने दुसरीही किंमत वसूल केली. ती रोगणाने दिली नाही, माणसाने दिली. मुर्दाडसिंग व शेंदूर कुटणारे, तेल उकळणारे आणि जुना रंग खरवडणारे कारागीर पोटशूळ, हातांचा लुळेपणा आणि मेंदूचे विकार यांनी पिढ्यान्‌पिढ्या पीडले गेले. लहान मुलांच्या शरीरात शिशाची अल्प मात्राही बुद्धीच्या वाढीस बाधक होते, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत नव्वद भागांहून अधिक असू नये, असा नियम 2016 साली करण्यात आला व तो 2017 च्या नोव्हेंबरपासून अमलात आला. घाईसाठी शोधलेल्या एका उपायावर बंधन घालावयास माणसाला कित्येक शतके लागली.

पाश्चात्त्य कारागीर ऊन आणि शिसे यांच्या मागे लागले असता पूर्वेकडे एक निराळीच विद्या हजारो वर्षे नांदत होती. चीनमधील हेमुडू येथील उत्खननात लाल रोगण दिलेला सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचा लाकडी वाडगा सापडला आहे. चीन, कोरिया व जपान या देशांतील हे रोगण शिजवून करावे लागत नाही; ते एका झाडाचा चीक होय. जपानी भाषेत त्याला उरुशी म्हणतात. हे झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातील. दहा-पंधरा वर्षे वाढवलेल्या झाडाच्या सालीला चरे पाडून चीक गोळा करतात, आणि एका झाडापासून अवघा दोनशे ग्रॅमच्या आसपास चीक मिळतो.

या चिकाचा स्वभाव तेलाच्या रोगणाच्या अगदी उलट आहे. तो उन्हात व कोरड्या हवेत नीट वाळतच नाही. त्याला दमट हवा लागते. जपानी कारागीर रोगण दिलेली भांडी ओल धरून ठेवलेल्या लाकडी कपाटात ठेवतात. त्या कपाटाला ‘फुरो’ म्हणजे स्नानगृह असे नाव आहे. आत ऊब बेताची, वीस ते पंचवीस अंशांची, आणि हवेतील दमटपणा शेकडा सत्तर ते ऐंशी. ओल्या हवेत वाळणारे रोगण ही कल्पना पाश्चात्त्यांना विरोधाभासाची वाटली यात नवल नाही. त्याचा उलगडा हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनज्ञाने 1883 साली केला. चिकात एक सजीवोत्पन्न द्रव्य असते आणि तेच त्याला घट्ट करते, तसेच चीक एका मर्यादेपलीकडे तापवला तर त्या द्रव्याचा नाश होऊन चिकाची वाळण्याची शक्तीच जाते, असे त्याने दाखविले. पुढे गाब्रिएल बेर्त्राँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या द्रव्याला लॅकेज असे नाव दिले. दुधाला जसे विरजण, तसे चिकाला हे लॅकेज. विरजण फार थंडीत लागत नाही आणि उकळत्या दुधात मरते. लॅकेजलाही तशीच बेताची ऊब व ओलावा हवा. प्राणवायू याही रोगणाला लागतोच. फक्त त्याला आत घेणारा दूत निराळा आहे.

बिब्ब्याचे नाव वर आले, ते केवळ कुळ सांगण्यासाठी नव्हे. महाराष्ट्रात परीट कपड्यांवर बिब्ब्याच्या तेलाने खुणा करीत, आणि त्या खुणा हवेत काळ्या व अक्षय होत. कितीही धुतल्या तरी जात नसत. बिब्बा अंगावर उततो, त्वचेवर फोड येतात. उरुशीचे काम शिकणाऱ्या जपानी उमेदवारांनाही आरंभी असेच फोड येतात. दोन्ही द्रव्यांची घटना जवळची आहे. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून गोव्यात आणलेल्या काजूच्या टरफलातील जहाल तेल त्याच जातीचे असून आज त्याचा रोगणे व कृत्रिम राळा तयार करण्याच्या कामी उपयोग होतो. जपानातील वाजिमा गावी एखादे भांडे पुरे व्हावयास शंभराहून अधिक पायऱ्या आणि अनेक महिने लागतात. 1 जानेवारी 2024 च्या भूकंपात त्या गावच्या अनेक कार्यशाळा ढासळल्या. तरीही कारागिरांनी काम पुन्हा हाती घेतले, ते त्याच संथ रीतीने.

सोळाव्या व सतराव्या शतकांत पोर्तुगीज व डच व्यापाऱ्यांनी ही चिनी-जपानी भांडी युरोपात नेली, तेव्हा त्यांच्या काळ्या आरशासारख्या झळाळीने तेथील श्रीमंतांना वेड लावले. परंतु ते झाड युरोपात नव्हते, आणि झाडाचा ताजा चीक जहाजाच्या दीर्घ प्रवासात टिकवणे दुरापास्त होते. मग युरोपियन कारागिरांनी भारताकडे हात पसरले. भारताच्या जंगलांतील लाख तेथे पोहोचतच होती. 1688 साली स्टॉकर व पार्कर या दोघांनी ऑक्सफर्ड येथे जपानी पद्धतीच्या रोगणावर इंग्रजी ग्रंथ छापला, आणि 1720 साली रोममध्ये बोनान्नी या जेझुइट पंडिताने चिनी रोगणावर ग्रंथ लिहिला. दोहोंतही जपानी चिकाच्या जागी स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेला मोठे स्थान आहे. अशा रीतीने, मुरावयास महिने घेणाऱ्या चिकाची नक्कल काही तासांत वाळणाऱ्या लाखेने केली गेली. झळाळी पुष्कळशी साधली. टिकाऊपणा साधला नाही. लाखेचे पॉलिश केव्हाही स्पिरिटात पुन्हा विरघळते, आणि गरम चहाचा पेला ठेवला तरी त्यावर पांढरे वर्तुळ उमटते. उरुशीला या दोहोंचे भय नाही.

भारतीय कारागिराने मात्र लाखेला तिच्या स्वभावाप्रमाणे वागविले. सावंतवाडीचे चितारी व कातारी चरकावर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते, आणि थंड होताच घट्ट होते. येथे मुरणेही नाही आणि स्पिरिट उडणेही नाही. केवळ तापणे व निवणे. तेलाचे रोगण, झाडाचा चीक आणि लाख या तिघांचे तीन निरनिराळे धर्म आहेत. ज्याने एकाचा धर्म दुसऱ्यावर लादला त्याचे काम बिघडले.

आता शेव्हरलने काढलेल्या प्रश्नाकडे वळू. महाराष्ट्रात जुन्या घरांचे खांब, तुळया, कपाटे आणि पलंग बहुधा सागवानी, आणि शौकाचे सामान शिसवी. सागाला वाळवी सहसा लागत नाही, कारण त्याच्या लाकडातच काही तेलकट व कडवट द्रव्ये भरलेली असतात. परंतु जी द्रव्ये वाळवीला दूर ठेवतात त्यांच्याच संगतीतील काही द्रव्ये प्राणवायूलाही तेलाशी मिळू देत नाहीत. त्यामुळे देवदारावर चार दिवसांत वाळणारे तेलाचे रोगण सागावर, आणि त्याहूनही अधिक शिसवीवर, आठवडेच्या आठवडे चिकट राहू शकते. रोगण खोटे नसते, सुतारही खोटा नसतो. लाकूडच आपल्या संरक्षणाचा हट्ट सोडीत नाही. जाणते कारागीर अशा लाकडावर प्रथम स्पिरिट किंवा थिनरचा बोळा फिरवून वरचे तेल काढून घेतात, किंवा चपडा लाखेचा एक पातळ हात देऊन लाकूड आणि रोगण यांच्या मध्ये पडदा उभा करतात. लाख स्पिरिट उडून वाळत असल्यामुळे सागाच्या विरोधाचे तिला काहीच वाटत नाही.

यात भर पडते ती ऋतूची. गणपतीपूर्वी चौरंग व देव्हारा चकचकीत व्हावा अशी घरोघर इच्छा असते, आणि भाद्रपदाची हवा तर ओलीचिंब. उरुशीला ती मानवली असती. तेलाच्या रोगणाला ती मानवत नाही, कारण ओलाव्याने व उन्हाच्या अभावाने त्याचा वेग मंदावतो. लाखेचे पॉलिश तर अशा हवेत धुरकट पांढरे पडते, कारण स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील पाणी त्यावर धरते.

विसाव्या शतकाने या साऱ्या प्रतीक्षेवर मात करण्याचा चंग बांधला. घोड्याच्या गाड्यांना आणि पहिल्या मोटारींना तेलाचे रोगण चढवावयास आठवडे लागत, आणि तयार मालाच्या रांगा कारखान्यात अडकून पडत. 1923 साली अमेरिकेतील ओकलंड मोटारींवर नायट्रोसेल्युलोजचे नवे रोगण चढविण्यात आले, आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आले. हे रोगण केवळ द्रावण उडून वाळते. लवकरच ते लाकडी सामानावरही आले. पुढे तेलाला कृत्रिम राळेशी जोडून केलेली अल्किड रोगणे निघाली, आणि 1937 साली जर्मनीत ओटो बायर याने पॉलियुरेथेनचा मार्ग शोधला. आज बाजारात मिळणाऱ्या दोन डब्यांच्या रोगणात दोन द्रव्ये मिसळताच त्यांचे कण आपसांतच गुंफले जाऊ लागतात. हवेची वाट पाहावी लागत नाही. पण मुरणे त्यांनाही चुकलेले नाही. त्यांचेही प्रमाण ठरलेले असते, ते चुकले तर थर कायमचा मऊ राहतो, आणि पूर्ण कठीण होण्यास त्यांनाही काही दिवस द्यावेच लागतात.

प्राणवायू आणि तेल यांच्या मीलनाची एक शेवटची बाजू सांगावयाची राहिली, आणि ती सर्वांत गंभीर आहे. या मीलनातून उष्णता निघते. मेजावर पसरलेल्या पातळ थरातील उष्णता हवेत सहज विरून जाते. परंतु तेच जवसाचे तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला, तर तेलाला सर्व बाजूंनी हवा मिळते आणि उष्णतेला बाहेर पडावयास वाट मिळत नाही. ऊब वाढते, उबेने मुरण्याचा वेग वाढतो, वेगाने ऊब आणखी वाढते, आणि काही तासांनी कोणीही काडी न लावता बोळा पेट घेतो. 23 फेब्रुवारी 1991 रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा या अडतीस मजली इमारतीच्या बाविसाव्या मजल्यावर असेच घडले. लाकडी तक्तपोशीवर काम करणाऱ्यांनी जवसाच्या तेलाच्या चिंध्या मागे ठेवल्या होत्या. शनिवारची संध्याकाळ; इमारत रिकामी. आग सुमारे एकोणीस तास जळत राहिली, आठ मजले भस्म झाले, आणि ती विझवावयास गेलेले तीन अग्निशामक जवान प्राणास मुकले. तिसाव्या मजल्यावर आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा होती, तेथे ती थांबली. इमारत पुढे 1999 साली पाडून टाकण्यात आली.

म्हणून ज्या घरी रोगणाचे काम चालले असेल, तेथे यजमानांनी दोन गोष्टींची चौकशी अवश्य करावी. पहिली, संध्याकाळी कारागीर निघून गेल्यावर चिंध्या कोठे आहेत. त्या उघड्यावर एकेक पसरून वाळत घालाव्या किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावे. बोळा करून जिन्याखाली टाकू नयेत. दुसरी, दोन हातांमध्ये किती दिवस जात आहेत. पातळ हात, मोकळी हवा आणि पुरेसे दिवस यांवाचून कोणतेही तेलाचे रोगण पक्के होत नाही. अंगठ्याच्या नखाने न दिसणाऱ्या कोपऱ्यात दाबून पाहावे. वण उमटला तर ते अद्याप कच्चे आहे. वास घेऊन पाहावा. तेलाचा वास येत असेल तर आत अद्याप क्रिया चालू आहे. कारागीर ‘आणखी आठ दिवस थांबा’ असे म्हणाला तर त्याला आळशी ठरवू नये. ज्या सबबीसाठी क्रेमोनाच्या स्ट्राडिव्हारीने 1708 साली पत्र लिहून क्षमा मागितली, तीच सबब तो सांगत असण्याचा संभव पुष्कळ आहे. शक्य असेल तर देव्हाऱ्याचे काम ज्येष्ठाच्या आरंभी, पाऊस लागण्यापूर्वी उरकावे, म्हणजे भाद्रपदात गणपती बसतील तेव्हा मेजावर कागद चिकटणार नाही आणि फुलांच्या पाकळ्याही नाहीत.